ताटाभोवतीची रांगोळी

माझ्या थोरल्या बहिणीवर एक गाणं होतं. ठाणं, कल्याण, भिवंडी, पार पनवेलपर्यंत बायकांना ते पाठ होतं. त्यात तिचं नाव येतं. मी ते इथे लिहिणार नाही. फार लोकांच्या तोंडून फिरलं आहे ते, आता त्याला जरा विसावा असू दे. मी तिला ताई म्हणत होते, तेवढं पुरे.

ताईला ठाण्याला दिली होती. भावोजी कचेरीत कारकून, बिऱ्हाड तळ्याच्या अंगाला. त्या काळी कोकणातून नोकरी शोधायला आलेले एकटे पुरुष वार लावून जेवायचे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, असं करत आठवडा भरायचा. भावोजींच्या लांबच्या नात्यातला एक माणूस असाच आलेला. त्याचा ताईकडे बुधवार होता. एका बुधवारी भर दुपारी तो जेवायला आला आणि ताईच्या हातातल्या पाटल्या अन् गळ्यातलं घेऊन गेला. भावोजी परतले तेव्हा ताई चुलीपाशी पडलेली होती, गेलेली. माणूस पकडला गेला, ठाण्यातच खटला चालला आणि तिथल्याच तुरुंगात तो फासावर गेला. हकीकत इतकीच. जास्त सांगणारे पुष्कळ होऊन गेले, म्हणून मी कमी सांगते.

खटल्याला म्हणे कोर्टात उभं राहायला जागा नसायची. आगगाडीनं माणसं यायची, फराळाचं बांधून यायची. त्यात आरोपीच्या वकिलानं ताईच्या शेजारणीला विचारलं, की तुम्ही आत गेलात तेव्हा मांडलेल्या ताटाभोवती रांगोळी होती का. ती म्हणाली, होती. वकिलानं पुढे काहीच विचारलं नाही. नुसता लोकांकडे वळून बघत राहिला.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. पंगतीला पानाभोवती रांगोळी सगळेच काढतात. आमच्या आईकडे ती रोजच्या जेवणाला असायची. वडील असोत, वाट चुकलेला पाहुणा असो, नाहीतर वडिलांच्या कामावरून, रेल्वेच्या मालधक्क्यावरून निरोप घेऊन आलेला शिपाई असो, घरात ताट मांडलं की भोवती दोन रेघा आणि उजव्या कोपऱ्यात एक कोयरी. आई म्हणायची, अन्न सगळेच वाढतात, पण आपण वाट बघत होतो हे जेवणाऱ्याला कळायला हवं. आम्हा दोघी बहिणींना ही कोयरी तिनं मारून मुटकून शिकवली. माझी कायम फुगायची, ताईची सुरेख यायची.

भावोजींना हे ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून ते त्याच रांगोळीत जेवत होते. पण कोर्टात त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. याचा राग मला तेव्हा होता, आजही आहे.

पुढचं सगळं पायरीपायरीनं झालं. वकिलानं नुसतं विचारलं. ठाण्याच्या एका पत्रानं छापताना 'सुरेख रांगोळी' असं छापलं आणि वाचकांनी काय तो विचार करावा असं वर जोडलं. मग एका शाहिरानं त्या पत्रावरून फटका रचला. त्यातला बुधवार गळाला, वार लावून जेवणं गळालं, आणि उरलं ते असं:

पाट मांडिला, ताट वाढिलें, रांगोळी रेखिली भोवती ।
धनी कचेरीं, घरीं एकटी, कोणाची वाट ती पाहती ॥

एकानंही धडधडीत खोटं सांगितलं नाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं चिमूटभर मीठ टाकलं आणि माझी बहीण खारट झाली.

मी ते पहिल्यांदा भिवंडीला ऐकलं, सासरी. पहाटे शेजारच्या घरी जात्यावर दोघीजणी गात होत्या. गळा गोड होता आणि गाणंही चांगलं होतं, हेच त्यातलं वाईट. पहिल्या दोन कडव्यांना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कोण बिचारी ही म्हणून. तिसऱ्या कडव्यात ताईचं नाव आलं. मला दिवस गेलेले होते. सासूबाई धावत परसात आल्या आणि भिंतीवरून त्या दोघींना ओरडल्या, की आमच्या घरात गर्भारशी आहे, तिच्या कानावर खूनबीन पडता कामा नये. जातं थांबलं. मला त्यांचे उपकार वाटले, पण त्यांनी ओरडण्यातही गाणं वाईट आहे असं म्हटलं नव्हतं, माझे दिवस वाईट आहेत असंच म्हटलं होतं.

सातव्यात वडील मला माहेरी कल्याणला न्यायला आले. खाडी ओलांडून बैलगाडीत बसलो तसं त्यांनी गाडीवानाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं, "तुझ्या आईला गाण्याचं माहीत नाही. चोरानं मारलं, एवढंच तिला ठाऊक आहे. रांगोळीचं तिच्या कानावर जाता कामा नये. ती जगायची नाही."

का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. ज्या कोयरीसाठी आईनं लेकीच्या बोटांवर उलथनं मारलं होतं, तीच कोयरी आता लेकीच्या वाईट चालीची खूण म्हणून गावोगाव गायली जात होती.

घरी आले तर दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या. आईला कमी ऐकू यायला लागलं होतं. हाक मारली तर दोनदा मारावी लागे, आणि मग ती कानाला हात लावून काय गं म्हणायची. वडिलांनी मला बाजूला घेऊन म्हटलं की हे बरंच झालं, देवाचीच कृपा. दुसरी गोष्ट म्हणजे जेवताना ताटाभोवती रांगोळी नव्हती. मी विचार केला, घरात दुःख आहे, तिचं मन कशात लागत नसेल. दोन्ही मी वयावर आणि दुःखावर ढकलून मोकळी झाले.

तरी बहिऱ्या माणसाचा भरवसा नसतो. नको तेच त्याला नेमकं ऐकू येतं. त्यामुळे मी पहारा सुरू केला. आमच्या भिंतीला लागून काकूंचं घर, त्यांच्या दोन सुना पहाटे दळायला बसायच्या. पहिली ओवी देवाची, दुसरी माहेरची, आणि मग ते गाणं. त्यांना वाटायचं भिंत जाड आहे. जात्याची घरघर सुरू झाली की मी उठून पितळी भांडी घासायला घ्यायचे. तितक्या पहाटे भांडी कोण घासतं? आई उठून यायची, माझ्या हातातून भांडं काढून घ्यायची आणि आत नेऊन झोपवायची. जाताना त्या बाजूची खिडकीही लावायची, वारा लागतो म्हणून.

विठ्ठलवाडीकडून एक भाजीवाली यायची. टोपली उतरवताना तिच्या ओठांवर कायम तेच. एकदा मी दारात गाठून तिला म्हटलं, की बाई, आमच्या दारात हे गाणं म्हणू नकोस. ती भाबडेपणानं म्हणाली, "का गो पोरी? कवरी चांगली हाय ती कथा. माझ्या लेकीला पन शिकवली मी, म्हनजे ती कोनाला घरात घेनार नाय." तिला खरोखरच वाटत होतं की ती लेकीचं भलं करते आहे. इतक्यात आई आतून आली आणि तिनं मला भाजी निवडायला आत पिटाळलं. भाजीवालीशी ती दारात बराच वेळ बोलत होती. बहिऱ्या माणसाला भाजीवालीशी इतकं काय बोलायचं असतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मग एके दिवशी शाहीर स्वतःच आळीत आला. मी ओट्यावर वाती वळत होते, आई मागे परसात होती. तुणतुणं आधी ऐकू आलं. मग वळणावरून तो दिसला, किडमिडीत, पांढरा फेटा, खांद्याला झोळी. एकेका दारापुढे उभा राहायचा, दोन कडवी म्हणायचा आणि सुपातलं घेऊन पुढे सरकायचा. काकूंच्या दारात त्यानं ताईचंच गाणं काढलं. पुढचं दार आमचं. मी उठून पायऱ्या उतरून खाली गेले. पोट पुढे आलेली बाई भर रस्त्यात उभी, आळीनं बघायचं ते बघितलं.

मी त्याला म्हटलं, ज्या बाईवर गातोस ती माझी बहीण. हे तिच्या आईचं घर. तुणतुण्यावरचा हात त्यानं काढला. तो उद्धट नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं की तुला कुणी सांगितलं ती त्याची वाट बघत होती म्हणून. तो म्हणाला की पत्रात होतं. मी म्हटलं की पत्रात रांगोळी होती, वाट बघणं तुझं आहे. त्यावर त्यानं मान खाली घातली आणि जे बोलला ते मी विसरलेले नाही.

"बाई, लोक त्याच ओळीला थांबतात. ती गाळली तर उरतं काय? एक चोर अन् एक मेलेली बाई. तसलं कोण ऐकतंय?"

मला त्याला मारावंसं वाटलं. पण मागे परसात आई होती. मी आत जाऊन सूपभर तांदूळ आणले, त्याच्या झोळीत ओतले आणि म्हटलं की दुसऱ्या आळीत जा. तो गेला. पुढच्या आठवड्यात तो परत आला. गायला नाही, तुणतुणंही वाजवलं नाही, नुसता आमच्या दारात उभा राहिला. मी पुन्हा सूप भरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्यानंतर तो येतच राहिला आणि मी त्याच्या न गाण्याचे तांदूळ घालत राहिले. दर वेळी धास्ती, की आज आई आधी दारात गेली तर? आज त्याला तांदूळ कमी वाटले आणि त्यानं तोंड उघडलं तर?

दिवाळी उलटल्यावर मी बाळंत झाले. मुलगी झाली. बाळंतिणीची खोली अंधारी, दार लोटलेलं, आत शेगडीचा धूर. एका दुपारी आई मागल्या विहिरीवर धुणं धूत होती. धोपटण्याचा आवाज मला खोलीपर्यंत येत होता. बाळ झोपेत जरासं कुरकुरलं. रडलं नाही, नुसतं मांजराच्या पिल्लाएवढं कुरकुरलं, आणि मी हात लांब करायच्या आत धोपटणं थांबलं. ओल्या पदरानं आई दारात उभी होती. "भूक लागली का गं तिला?" म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. कानाला हात लावायचं तिच्या लक्षात आलं, तिनं तो अर्धवट उचललाही, आणि मग खाली घेतला.

"तुला ऐकू येतं," मी म्हटलं.

ती बाळाजवळ बसली. तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. वडिलांच्याही आधी तिनं ते गाणं आमच्या कल्याणच्या तळ्यावर ऐकलं होतं, पुरतं, शेवटपर्यंत. वडील तिच्यापासून लपवतात हे पाहून तिनं त्यांचं लपवणं मोडलं नाही. आणि मी येणार हे ठरलं तेव्हा ती बहिरी झाली.

"मी ऐकलं असतं तर रडले असते," ती म्हणाली. "आणि मी रडले असते तर तू का म्हणून विचारलं असतंस. गर्भारपणात तुझ्या कानावर ते पडायला नको होतं."

म्हणजे इतके महिने मी तिच्यासाठी भांडी घासत होते आणि ती माझ्यासाठी खिडक्या लावत होती. भाजीवालीलाही तिनं दारात हात जोडून हेच सांगितलं होतं, की माझ्या धाकटीसमोर म्हणू नको. आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता रडलो. वर्षभरात पहिल्यांदा एकमेकींसमोर रडलो. मग मी विचारलं की रांगोळी का सोडलीस. बाळाच्या मुठीत आपलं बोट घालून बसली. मग म्हणाली, "मीच शिकवली ना तिला. साधं ताट वाढलं असतं तिनं, तर चोरानं मारलं, इतकंच राहिलं असतं. रांगोळी घालून माझ्या पोरीला दुसऱ्यांदा मारलं, ते मी." बाळ दूध मागायला लागलं, मी त्याला पदराखाली घेतलं.

बारसं झालं, पाहुणे पांगले. मी अजून खोलीतच होते, पण खोलीच्या खिडकीतून ओटा दिसायचा. वडील मालधक्क्यावर गेले होते. ऐन दुपारी शाहीर आला आणि सवयीनं दारात उभा राहिला. तांदूळ आणायला मी उठू शकत नव्हते. मी आतून आईला हाक मारणार तोच ती बाहेर गेलेली दिसली. झालं, म्हटलं आता.

तिच्या हातात सूप नव्हतं, पाट होता. तिनं तो ओट्यावर मांडला. पाण्याचा तांब्या ठेवला. शाहिराला म्हणाली, वर ये बाबा, हातपाय धू. तो घाबरला. त्या काळी अशा माणसाला पायरीखालीच वाढायची पद्धत, ओट्यावर पाट मांडून कुणी बसवत नसे. शेजारच्या दारात काकू आल्या, त्यांच्या मागे सुना, आणखी पुढे दोघीतिघी. आईनं कुणाकडे बघितलं नाही. आत येऊन ताट वाढलं. वरणभात, भाजी, वर तूप. ताट पाटापुढे ठेवलं आणि वर्षभर फडताळात पडलेली रांगोळीची वाटी आणून ती त्याच्यासमोर वाकली.

मला खिडकीतून तिची बोटं दिसत होती. पहिली रेघ वाकडी गेली. तिनं ती पुसली आणि पुन्हा काढली. दुसरी रेघ काढली. मग उजव्या कोपऱ्यात कोयरी काढली, ताईसारखी. धनी कामावर, घरात दोन बायका, परका पुरुष पाटावर, भोवती रांगोळी. गाण्यातलं सगळं तिनं भर दुपारी आळीच्या डोळ्यांपुढे मांडून ठेवलं होतं.

ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "जेव. आमच्याकडे घरी आलेल्याला असंच वाढतात. माझ्या मोठीलाही मी हेच शिकवलं होतं."

शाहिराचा हात ताटाशी जाऊन थांबला. त्यानं ताटाकडे पाहिलं, मग रांगोळीकडे, मग पुन्हा ताटाकडे. वाढलेलं टाकून उठता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तो जेवला. रांगोळीला बोट न लावता, अगदी जपून, मान वर न करता जेवला. आई शेवटपर्यंत उभी होती, भात हवा का म्हणून विचारत होती. जाताना त्यानं आईला लांबून नमस्कार केला. झोळी रिकामीच नेली. शेजारी काकूंनी सुनांना आत घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या जात्यावर देवाची ओवी झाली, माहेरची झाली आणि मग नुसतंच दळण झालं. आमच्या घरी वडिलांच्या ताटाभोवती रांगोळी आली. त्या दिवशी ते सावकाश जेवले.

शाहीर पुन्हा आमच्या आळीत आला नाही. बाळ मान धरू लागलं तेव्हा महाशिवरात्र आली. भिवंडीला परत जायच्या आधी शंकराचं दर्शन घ्यावं म्हणून वडील मला अंबरनाथच्या जत्रेला घेऊन गेले. आईला यायचं नव्हतं. निघताना तिनं दारात थांबवून हळूच म्हटलं की तो तिथे असेल, कान देऊन ऐक.

तो होता. देवळाबाहेर झाडाखाली मोठा घोळका जमलेला, बायका पुढे बसलेल्या, पुरुष मागे उभे. गाणं तेच चाललं होतं. वडील मला पुढे चल म्हणत होते, मी हलले नाही. त्यानं मला पाहिलं का, सांगता येत नाही. तिसऱ्या कडव्यात ताईचं नाव आलं. त्या ओळीपाशी पोचल्यावर त्यानं तोंड मिटलं. तो नुसतं तुणतुणं वाजवत राहिला, मान खाली घालून. ओळ त्यानं गाळली होती.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पुढे बसलेल्या एका बाईला वाटलं, बिचारा विसरला. तिनं हसून ओळ सुरू करून दिली. दुसरीनं साथ धरली. आणि बघता बघता सगळ्या घोळक्यानं, मागच्या पुरुषांसकट, एका सुरात ती ओळ म्हटली, कोणाची वाट ती पाहती. शाहिरानं दोनदा हात वर करून त्यांना थांबवायला पाहिलं. लोकांना वाटलं तो ताल धरायला सांगतो आहे. त्यांनी टाळ्या धरल्या. वडिलांनी माझ्या खांद्यावरून बाळ आपल्याकडे घेतलं आणि आम्ही तिथून निघालो.

घरी पोचलो तेव्हा आईनं उपासाची रताळी उकडून ठेवली होती. ती माझीच वाट बघत होती, हे तिच्या उभ्या राहण्यावरून कळत होतं. वडील पाय धुवायला मागे गेले तसं तिनं विचारलं, "गाळली का गं त्यानं ती ओळ?"

"गाळली," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. तिनं देवाला हात जोडले, बरं झालं म्हणाली, आणि वाटी घेऊन आमच्या ताटांभोवती रांगोळी काढायला बसली.